लाल पिल्लू

“मग काठी कधी देणार, बाबा?”

लाउरोने अंगणात पाऊल टाकताच विचारलं.

ब्राझीलच्या माळरानावर बेन्तोबाबांचं झोपडं होतं. आसपास कुठे साप निघाला की माणसं त्यांनाच बोलावत. टोकाला आकडा असलेल्या काठीने ते साप अलगद उचलत आणि रानात सोडून येत. ती काठी शिष्याच्या हाती दिली की त्याचं शिकणं संपलं, अशी त्यांच्याकडची रीत. लाउरो सहा वर्षं तिची वाट पाहत होता.

आज तर स्वारीची छाती गजभर फुगलेली. त्याने मेलेला साप बाबांसमोर टाकला. हातभर लांब, लालभडक, डोकं तेवढं काळं.

“विषारी पोवळा! शेजारच्या जोआनाच्या मक्याच्या कोठारात होता. तिची पोरं तिथंच खेळत होती. एका घावात आडवा केला.”

“पोवळ्याला पट्टे असतात. याच्या अंगावर दिसले?”

“पट्टे बघत बसलो असतो तर पोरं हातची गेली असती, बाबा.”



बाबांनी तो साप ओंजळीत घेतला आणि झोपडीमागे गेले. लाकडांच्या ढिगातली एक फळी बाजूला केली. खाली एक मोठी काळी सापीण वेटोळं घालून पडली होती.

“ही कोण?”

लाउरोला हसू आलं. “मुसुराना. विषारी सापांना गिळते, माणसाच्या वाटेला जात नाही. हिला मारेल तो करंटा. घरोघर मीच तर सांगत फिरतो!”

बाबांनी लाल साप तिच्याशेजारी ठेवला.

“जन्मते तेव्हा ती अशी असते. काळी व्हायला वेळ लागतो.”

लाउरो त्या लाल पिल्लापाशी खाली बसला. आता उंदरांच्या मागे जराराका कोठारात शिरली, तर त्या विषारी सापाला गिळणारं तिथं कुणी उरलं नव्हतं. पोरांना वाचवायला गेला आणि त्यांचाच राखणदार मारून आला. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

“तुम्ही... तुम्ही कधी सांगितलं नाहीत, बाबा.”

“पहिल्याच दिवशी तू चाळीस सापांची नावं घडाघडा म्हणून दाखवलीस. मला वाटलं, याला ठाऊक असणार. विचारायला हवं होतं मी... राहून गेलं.”

दोघांनी मिळून खड्डा खणला. लाउरोने पिल्लावर माती लोटली आणि बराच वेळ हात तिथून उचललाच नाही.

“मला काठी नको, बाबा. उद्या जोआनाकडे जातो, काय केलं ते सांगतो. मग माझ्या गावी परत जाईन.”

बाबा आत गेले. काठी घेऊन आले आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

“जोआनाकडे जाताना ही घेऊन जा. मला मिळाली, तेव्हा माझ्या हातून अशी तीन पिल्लं गेली होती.”