अकरा ताटं आणि एक कावळा

खाडीकाठच्या एका गावात जिवाजीशेट नावाचा व्यापारी होता. त्याला नाद एकच, शिंपल्यातली कालवं वाढायची जुनी, दुर्मीळ चिनी मातीची ताटं जमवायचा. ताटाला कडेने सहा खळगे, एकेका खळग्यात एकेक कालव वाढायचं आणि मधे लिंबाची फोड. कड सोन्याची. अशी अकरा ताटं त्याच्या कपाटात होती. डझनाला एकच कमी होतं.

त्याची बायको द्वारका कालवं फोडणाऱ्यांच्या घरची. ओहोटीला खडकावर बसून कालवं फोडता फोडता तिची बोटं चिरून गेली होती. ताटं पुसायची तिनेच. एकदा ती म्हणाली, "अहो, एक दिवस यांत कालवं वाढून दोघं जेवू की!"

"वेडी का तू? लिंबाने सोनं उतरतं. बारावं येऊ दे, मग बघू."

बघता बघता वीस वर्षं गेली. द्वारकेने अंथरूण धरलं, अन्न तुटलं. "त्या ताटात वाढलंत तर दोन घास खाईन," ती म्हणाली. तिचा भाऊ धाकू भल्या पहाटे ताजी कालवं घेऊन आला. शेटने कपाट उघडलं, एक ताट हातात घेतलं, फिरवून पाहिलं आणि परत ठेवलं. कालवं आली रोजच्या साध्या जर्मनच्या थाळीत. आता काय म्हणावं या माणसाला!

द्वारकेने थाळी बाजूला सारली. "राहू दे. बारावं आलं की खाईन."

तिसऱ्या दिवशी ती गेली.

दहाव्याला खाडीवर पिंड ठेवला. माडावर कावळे बसले होते, पण एकही खाली उतरेना. धाकू म्हणाला, "भावोजी, तिची इच्छा तुम्हाला ठाऊक आहे. ताट आणा."

शेट धावत घरी गेला. रडत रडत त्याने ताटात कालवं मांडली आणि घाटावर आणली. तेवढ्यात त्याची नजर कावळ्याच्या चोचीवर गेली. चोच टणक, ओरखडा उठला तर? त्याने कालवं केळीच्या पानावर ओतली आणि ताट धोतराच्या सोग्यात गुंडाळलं.

ऊन डोक्यावर आलं. कावळा मान वाकडी करून बघत राहिला. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. धाकू निघून गेला, तो पुन्हा त्या घरी आला नाही.

महिन्याभरात बारावं ताट आलं. शेटने ते कपाटात ठेवलंच नाही. रोज दुपारी त्यात सहा कालवं वाढायचा, लिंबू पिळायचा आणि अंगणात ठेवून "ये गं, ये" म्हणत बसायचा. लिंबाने कडेचं सगळं सोनं उतरलं. पण त्या अंगणात कावळा कधी फिरकला नाही.

तात्पर्य: आपल्या माणसाची हौस ते माणूस असताना पुरवावी. नंतर सोनं उधळलं तरी जेवायला कोणी येत नाही.