झोळीखालची वाकळ

"पण बाबा, जाड घेऊ की पातळ, एवढंच तर विचारतोय..."

सकाळपासून सारंगगिरी हेच विचारत होता. धुंडीगिरी बाबा ओसरीवर तांदूळ निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"तुला कोणती आवडते?"

"आवडीचा प्रश्न नाही, बाबा. हवेचा आहे. संध्याकाळी दरीतून गरम वारा येतो. मग तो पडतो आणि डोंगरावरून गार वारा सुटतो. पहाटे धुकं. एका रात्रीत सगळे ऋतू होऊन जातात, आणि वाकळ मात्र एकच न्यायची. ती कोणत्या ऋतूची घ्यायची?"

बाबांनी ताटातला एक खडा काढून बाजूला टाकला.

"चांगला प्रश्न आहे," ते म्हणाले, आणि पुढचा खडा शोधू लागले.

हा मठ डोंगराच्या सोंडेवर होता. जमीन कायम ओली, आणि विंचू-काट्याचं भय. म्हणून इथले गोसावी दोन झाडांमध्ये कापडाची झोळी बांधून तिच्यात निजत. खालच्या वाडीतले लोक त्यांना वटवाघळं म्हणत, पण भिक्षा प्रेमाने वाढत.

झोळीत निजणाऱ्याला थंडी वरून लागत नाही, खालून लागते. वर घोंगडी घेता येते. पण पाठीखाली वारा मोकळा फिरतो. आत वाकळ अंथरावी, तर अंगाच्या भाराने चेपून तिची चपाती होते. म्हणून वाकळ झोळीच्या बाहेरून, खालच्या अंगाला टांगायची, अशी इथली रीत.

आणि दुसरी रीत अशी, की ज्या शिष्याला एकट्याने भ्रमंतीला निघायचं असेल, त्याने एक रात्र कड्यावर झोळीत काढायची. सकाळी बाबा त्याच्या पाठीवर तळवा ठेवत. पाठ उबदार आणि कोरडी असली, तर निरोप. नाहीतर आणखी एक वर्ष मठात.

गेल्या वर्षी सारंगने पातळ वाकळ नेली होती. सकाळी पाठ बर्फ झाली होती.

"जा, चूल पेटव," एवढंच बाबा म्हणाले होते.

त्याच्यानंतर मठात आलेले दोघे केव्हाच निघून गेले होते. सारंग अजून चूल पेटवत होता. ते एक वेळ चाललं असतं. पण पावसाळ्यापासून बाबांचा हात थरथरू लागला होता. पुढच्या वर्षी पाठीवर ठेवायला हा तळवा असेल का, हे मठात कुणी बोलत नव्हतं.

सारंग माळ्यावर चढला आणि सगळ्यांत जाड वाकळ खाली घेऊन आला. जुन्या लुगड्यांचे थर, आत लोकर, आणि वजन असं की खांदा वाकावा.

"हीच," तो म्हणाला. "हिच्यातून वारा येऊन दाखवू दे."

बाबांनी वाकळेवरून हात फिरवला.

"फार ऊब आहे हिच्यात?"

"या माळ्यावर हिच्याइतकी दुसऱ्या कुठल्याच वाकळेत नाही."

"मग असं कर. आज रात्री तू नको निजूस. ओढ्यातला एक धोंडा आण आणि त्याला निजव. खाली ही वाकळ बांध, वर घोंगडी घाल. बिचारा जन्मभर गार पाण्यात बसला आहे."

सारंगला वाटलं, बाबा थट्टा करत आहेत. पण बाबा पुन्हा तांदळात गुंतले होते.

त्याने धोंडा आणला. झोळीत ठेवला, वर घोंगडी घातली, खाली वाकळ बांधली. मोतीगिरी, त्याचा थोरला गुरुबंधू, पाण्याची घागर घेऊन तिथून चालला होता. तो थांबला.

"अंगाई म्हणणार आहेस का रे?"

सारंगने घोंगडीची कड धोंड्याखाली खोचली.

सकाळी बाबा काठी टेकत झाडांपाशी आले.

"हात लाव."

सारंगने घोंगडी बाजूला करून धोंड्याला हात लावला... आणि तो तसाच उभा राहिला.

"गार आहे."

"किती?"

"काल होता तेवढाच."

"मग वाकळ वाईट दिसते."

"वाकळ चांगली आहे, बाबा. धोंड्यातच ऊब नाही. ती काय धरून ठेवणार?"

बाबा काठी टेकत परत गेले.

सारंग मात्र तिथून हलला नाही. आपण आत्ता काय बोललो, ते त्याला पुन्हा ऐकू येत होतं. आजवर त्याने माळ्यावरच्या वाकळा हातात घेऊन, वजन करून, नखाने टोचून पाहिल्या होत्या. ऊब कुठून येते, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

त्याने धोंडा काढला आणि स्वतः झोळीत आडवा झाला. मग एक हात बाहेर काढून झोळी आणि वाकळ यांच्यामध्ये घातला. वाकळ घट्ट बांधली होती, ती पाठीशी दबली होती, आणि दबली होती तिथेच गार लागत होतं. त्याने दोरी सैल केली. आता मध्ये वारा शिरला. पुन्हा थोडी ओढली. हाताला वारा लागेना आणि दाबही लागेना... पाठ हळूहळू ऊब धरू लागली.

त्याने लहान मुलासारखं ते पुन्हा पुन्हा करून पाहिलं. माळ्यावरून दुसऱ्या वाकळा आणून त्याही टांगून पाहिल्या. दुपारच्या पंगतीला तो आला नाही.

"धोंड्याला विचारलंस का, झोप कशी लागली?" मोतीगिरीने येऊन विचारलं.

"विचारलं. तो म्हणाला, मला कशाला मध्ये घेता?"

मोतीगिरी हसला, आणि आणलेली भाकरी झोळीत ठेवून गेला.

त्याच संध्याकाळी सारंग कड्यावर गेला. शेवटी जाड वाकळच नेली. हाताने नीट अंतर बघून ती टांगली आणि गाठी मारल्या. सारंगची गाठ कधी सुटत नसे. मठातल्या गाईसुद्धा तोच बांधत असे.

दरीतला गरम वारा सुरू झाला आणि तो घामाने निथळू लागला. वाकळ जरा खाली सोडावी म्हणून त्याने गाठीला हात घातला. गाठ हलेना. ओढावी तितकी ती आवळत होती. पाठ भिजत चालली होती. उद्या त्या पाठीवर बाबांचा तळवा यायचा होता.

शेवटी त्याने गाठ दातांनी सोडवली. वाकळ धपकन खाली लोंबली. वारा पाठीखालून गेला, घाम वाळला, जिवाला बरं वाटलं.

तेवढ्यात डोंगरावरचा वारा सुटला.

त्याने दोरी ओढून वाकळ वर घेतली. आता गाठ मारायची, तर त्याचा हात थांबला. थोड्या वेळाने पुन्हा उकडलं तर? त्याने दोरी फांदीवरून घेतली आणि तिचं टोक मुठीत धरलं.

गार झालं की ओढायची. गरम झालं की सोडायची. वारा बदलेल तसा हात बदलत राहिला... पहाटे धुकं आलं तेव्हाही दोरी मुठीतच होती.

सकाळी तो मठात आला. अंगणात बाबा वाट पाहत होते. सारंग पाठ करून बसला. मोतीगिरीही हातातला झाडू धरून उभा राहिला.

बाबांचा हात थरथरत आला, आणि पाठीवर टेकला तसा स्थिर झाला.

"ऊब आहे," बाबा म्हणाले. "कोरडीही आहे."

सारंगने श्वास सोडला. आता नमस्कार करून उठायचं, झोळी उचलायची आणि निघायचं. पण तो उठला नाही.

"बाबा, पाठ उबदार आहे खरी. पण हे वाकळेमुळे झालेलं नाही."

"मग?"

"मी दोरी धरून बसलो होतो. ओढत होतो, सोडत होतो. तुम्ही आत्ता विचारलंत की जाड घ्यायची की पातळ, तर मला अजून सांगता यायचं नाही. ज्याला एवढंही कळलं नाही, त्याने जावं कसं?"

मोतीगिरीने कपाळाला हात लावला.

बाबांनी पाठीवरचा हात काढला नव्हता.

"झोप लागली का काही?"

"डुलक्या लागल्या. पण हात चालूच होता. पहाटे पहाटे तर मला जागही येत नव्हती, आणि दोरी आपली..."

तो बोलता बोलता थांबला. त्याने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. तळव्यावर दोरीचा लाल वळ होता.



"ऊठ," बाबा म्हणाले. "वाकळ कोणतीही ने. दोरी तीच ने."