येसूची वाटी

एकदा काय झालं, डोंगरातल्या एका गावात येसू नावाची मुलगी होती. आई देवाघरी गेली, म्हणून ती मामाकडे राहायची. मामी तिला न्हाऊ घाले, जेवू घाले, पण फारसं बोलत नसे. आईचं म्हणून येसूजवळ एकच उरलं होतं, एक अंगाई. ती गोधडीत तोंड खुपसून, कुणाला ऐकू जाणार नाही अशी गुणगुणायची.

एक दिवस तिची शेळी चिंचेच्या ढोलीत शिरली. मग मागोमाग येसूही शिरली. आत बरं का, दुसरंच जग! तिथे सूर्य डोक्यावरून हलतच नव्हता. रात्र नाही की सावली नाही. माणसांचे डोळे लाल लाल.

एका म्हातारीने तिला वाटीभर खीर दिली. येसूने चाटूनपुसून खाल्ली आणि वाटी पुढे केली.

"रिकामी?" म्हातारी म्हणाली. "दुसऱ्याची वाटी रिकामी परत करतेस? कुणी शिकवलं नाही वाटतं! ती भरल्याशिवाय ढोली उघडायची नाही हो."

येसू लाजली. आपल्याकडेही तशी देत नाहीत, हो ना?

मग तिने ओच्यातली बोरं वाटीत टाकली. उन्हाने त्यांचा कोळसा झाला. मग शेळीचं दूध काढलं. तेही आटलं. इतक्यात पाळण्यात म्हातारीची नात रडू लागली. जन्मल्यापासून तिचा डोळा लागला नव्हता. येसूला राहवेना. तिने अंगाईची एक ओळ म्हटली. वाटीत गाण्याचा एक थेंब पडला, आणि तो आटला नाही.

"थांब पोरी," म्हातारी हळूच म्हणाली. "दिलेलं गाणं तुझ्याजवळ उरणार नाही."

येसू थांबली. बाळाकडे बघत राहिली. मग डोळे मिटून तिने सगळी अंगाई म्हटली. वाटी काठोकाठ भरली. सूर्य कलला. बाळ झोपलं.

ढोली उघडली. येसू शेळीला घेऊन घरी आली, गोधडीत शिरली, आणि तिला एक ओळही आठवेना. ती मोठ्याने रडली. मामी धावत आली.

"काय गं, पोट दुखतंय?"

"मामी, आई काय गायची?"

मामी तिच्याजवळ टेकली. मग म्हणाली, "वन्संचं नाव काढलं तर तू रडशील, म्हणून मी बोलतच नव्हते गं." तिने येसूचं डोकं मांडीवर घेतलं आणि घोगऱ्या आवाजात गायला लागली. मध्येच अडली. "ही ओळ मला येत नाही बाई."

मग ती ओळ दोघींनी मिळून रचली. पुढे दोघी पुष्कळ बोलल्या, भांडल्यासुद्धा, आणि सुखाने राहिल्या.

चला, पांघरुणं ओढा बघू. मिटा डोळे.