खोबरेल थिजेपर्यंत

५ नोव्हेंबर. आभाळ निरभ्र, वारा पडलेला. सकाळी आठलाच अंगाला घाम.

“...मग तिफण अजून उभी का, बाबा?”

केरबाने तिसऱ्यांदा विचारले. शिवगिरीबाबांच्या मठाची शेती हा त्यांचा शिष्यच पाहायचा. बाबांच्या वहीतल्या तीस वर्षांच्या पेरण्या त्याला तोंडपाठ होत्या, आणि गावभर तो त्या ऐकवीतही असे.

“पेरायचं कधी?” बाबांनी विचारले.

“आज! दर साल पाच नोव्हेंबर. तुमच्याच हातचं अक्षर आहे.”

बाबांनी कोनाड्यातली खोबरेलाची बाटली उचलून उलटी धरली. तेल झरकन बुचाकडे धावले.

“हे थिजलं नाही. जमीन अजून तापलेली आहे.”

केरबा चिडला. दोन वर्षे ओंब्या भरण्याआधीच वाळल्या होत्या. यंदाही गहू गेला, तर मठातले रोजचे अन्नदान बंद पडणार होते.

“उशिरा पेरलं तर पुढं उन्हात सापडेल, बाबा! थंडी हल्ली माघातच पळते.”

“पाहुणा उशिरा येणार, लवकर उठणार. त्याच्यासाठी पुरण घालत बसशील?”

“छे! पिठलं-भाकरी टाकीन...”

केरबा थांबला. त्याची नजर कणगीकडे गेली. आत बाबांच्या गुरूंपासून चालत आलेला, पिकायला साडेचार महिने घेणारा गहू होता.

बाबांनी त्यातले पायलीभर दाणे वाण राखायला बाजूला काढले.

“उरलेलं दळायला ने.”

“बाबा, हे गुरूंचं बियाणं!”

“गुरूंच्या वेळची थंडी आणून दे. मग पेरू.”

...

केरबाने तालुक्याहून शंभर दिवसांत येणारे बियाणे आणले.

“काय केरबा, पेरणी बाबा विसरले की तू?” पारावरची मंडळी हसायची. तो रोज पहाटे बाटली उलटी करून पाहायचा.

२२ नोव्हेंबरला तेल जागचे हलले नाही. त्याच दिवशी पेरले.

फेब्रुवारीच्या शेवटी ऊन एकदम भाजू लागले. तोवर दाणा दाताखाली कटकन वाजत होता.

४ मार्चला, एकशे दोन दिवसांनी, कापणी झाली. मळणी उरकताच केरबा खळ्यातून धावत सुटला. फेटा हातात, मिशांत भुसा. गेल्या साली जेमतेम पाच पोती भरली होती.

“बाबा! एकोणीस पोती! एकोणीस, बाबा...!”

बाबांनी ओठांवर बोट ठेवले.

“हळू. पंगत बसलीय.”