शब्दमहालाच्या वाटेवरचा सर्प

एका राज्यात गादी रिकामी होती. थोरल्या राजकन्येने, वसुमतीने, भर दरबारात स्वमुखाने शपथ घ्यावी आणि गादीवर बसावे, अशी तिथली रीत. पण कपालनाथ मांत्रिकाच्या शापाने ती मुकी झाली होती. सूर्य मावळेपर्यंत शपथ झाली नाही, तर गादी तिचा काका उग्रसेन याची. मांत्रिक त्याच्याच पदरचा.

वैद्यांनी वेखंड उगाळून तिच्या जिभेला लावले. पुन्हा लावले. जीभ सोलवटली, शब्द फुटला नाही.

खिडकीतली साळुंकी धाकट्या राजकन्येला, केतकीला म्हणाली, "बाई, चोर माडीवर आणि तुम्ही उंबरा झोडता. शाप जिभेत नाही, डोक्यात आहे."

"मग मी डोक्यात जाते."

"चल. आतल्या तीन दारांवर विचारू, शाप कुठे अडला आहे ते."

साळुंकीने मंतरलेले राळ्याचे दाणे दिले. ते खाऊन दोघी मुंगीएवढ्या झाल्या आणि दरबारात बसलेल्या वसुमतीच्या कानात शिरल्या.

आत एक पडदा नगाऱ्यासारखा घुमत होता. पुढे शंखाचा जिना. त्यापलीकडे श्रवणमहाल. द्वारपाल म्हणाला, "इथे सगळे ऐकू येते. काकांचे घोरणेसुद्धा."

दुसरे दार अर्थमहालाचे. तिथला द्वारपाल म्हणाला, "ऐकलेले सगळे कळते. काका गोड बोलतात ते का, हेही कळते."

तिसरे दार डाव्या कपाळामागे, शब्दमहालाचे. तिथली स्वामिनी संतापली होती. "शपथ केव्हाची घडवून ठेवली आहे! पाठवू कशी? वाट बंद आहे."

वाट म्हणजे पांढऱ्या तंतूंचा जाड जुडगा. त्याला काळा सर्प वेढे घालून बसला होता. केतकीने कट्यार उपसली.

"थांब!" साळुंकी ओरडली. "तंतू तुटले तर बहीण जन्माची मुकी."

केतकीने कट्यार म्यान केली. वेढ्यांत हात घातला. सर्प डसला. तिने हात काढला नाही.

पहिला तंतू सुटला, तो हाताचा. डावीकडच्या तंतूने उजवा हात हलावा, अशी त्या नगराची रचना. दरबारात वसुमतीचा उजवा हात उठला आणि शेजारी बसलेल्या काकांच्या गालावर वाजला.

"चुकले," केतकी म्हणाली.

"असू दे," साळुंकी म्हणाली.

दुसरा तंतू जिभेचा. वसुमतीची जीभ बाहेर आली आणि काकांना वाकुल्या दाखवू लागली. दरबार हसला.

उग्रसेन गाल चोळत गरजला, "हिला राज्य देणार? सूर्य टेकला आहे!"

जीभ हलली तरी शब्द फुटला नाही, तेव्हा केतकीला उमगले. एकटी जीभ बोलत नाही. श्वास, कंठ, टाळू, जीभ, ओठ, सगळ्यांना हुकूम एकाच वेळी पोचला पाहिजे. तिने उरलेले तंतू कवेत घेतले आणि एका हिसक्यात वेढ्यांतून वर काढले. वेढे घालायला काही उरले नाही. सर्पाचा धूर झाला.

वसुमती उभी राहिली.

"मी वसुमती. न्याय करीन. दुबळ्याला राखीन. कुणाला भिणार नाही."

नगारे झडले. उग्रसेनाने मांत्रिकाकडे पाहिले. मांत्रिक दाराकडे पाहत होता.

"काका," राणी म्हणाली, "त्यालाही सोबत न्या. सीमेपलीकडे."

मग तिने मान वाकडी केली. "केतकी, बाहेर ये गं! कानात गुदगुल्या होतात."

राज्य सुरळीत चालले. राणी फार बोलत असे. कुणी तक्रार केली नाही.