बंद खिडकीतली पवनघंटा

चिनी फेंगशुईचे वेड घराघरांत नुकतेच शिरू लागले होते, त्या काळातली ही गोष्ट. फेंगशुईच्या जाणकाराला विचारून अनसूयाबाईंनी सहा नळ्यांची पवनघंटा वायव्येच्या खिडकीत टांगली आणि घरात आलेले भाग्य निसटू नये म्हणून खिडकी घट्ट लावून घेतली.

घंटा मुकीच राहिली. "उद्यापर्यंत वाजली नाही, तर भंगारात देते हिला," असे बाई म्हणाल्या, तेव्हा तिच्या साऱ्या नळ्या गारठल्या.

काचेपलीकडून वाऱ्याने विचारले, "काय गं, रुसलीस?"

"तूच येत नाहीस! दिशा तर अगदी बरोबर आहे."

"दिशा बरोबर आहे गं, पण वाट कुठे आहे? मला बाहेर ठेवून भाग्य काय भिंतीतून येणार?"

इतक्यात मिरच्यांची फोडणी करपली आणि घरभर ठसका उठला. "भाग्य गेले खड्ड्यात, आधी श्वास तरी घेऊ दे!" म्हणत बाईंनी खिडकी सताड उघडली. वारा आत घुसला, धूर बाहेर पळाला आणि घंटा अशी खळखळून वाजली, की शेजारच्या गोदाक्का डोकावल्या, "काय हो, आज कसला सण?"

खोकत, हसत अनसूयाबाईंनी त्यांना पाटावर बसवले. खिडकी पुन्हा लावायची आठवण कोणालाच राहिली नाही. घंटेनेही ती करून दिली नाही.