वेशीबाहेरची काळी जमीन

खडवेस गाव सगळं मुरमाचं. पूर्वेच्या वेशीबाहेर मात्र एक काळाभोर पट्टा आहे, आणि तिथे कुणी जोडे घालून जात नाही. पाहुण्यांनी विचारलं, की गावचे वृद्ध गुरव जनार्दनबुवा त्यांना कडेला उभं करून सांगतात.

फार पूर्वी म्हणे गावचा सारा केर, खरकटं, शेण तटाखालच्या खंदकात पडायचं आणि त्याचं पाणी विहिरीत झिरपायचं. एका उन्हाळ्यात पटकी आली. म्हाळसा माळणीचा एकुलता मुलगा तीत गेला. घरात उरल्या म्हाळसा आणि तिची सून गौरा.

पुढे एका जागी तटाची माती ढासळून खंदकातल्या केरावर पडली. तिथली दुर्गंधी गेली, भोपळ्याचा वेल वर आला. म्हाळसाने त्या मातीवर हात ठेवून शपथ घेतली, की गावाचा केर यापुढे खंदकात पडू द्यायचा नाही. ती पाटी घेऊन दारोदार फिरू लागली. वेशीबाहेर खड्डे खणून केर, वर पाला, वर माती असे थर लावी. गौरा पाणी शिंपायची.

पुढच्या साली पटकी परत आली. खंदकातली जुनी घाण तशीच होती, पण लोक म्हणाले, हिनेच रोग मुरवत ठेवला. पाटलांनी म्हाळसाला वेशीबाहेर काढलं आणि गौराला बजावलं, "वेशीचं दार उघडलंस, तर तूही बाहेर."

एका तिन्हीसांजेला वेशीच्या बंद दारापलीकडून म्हाळसाची हाक आली. "गौरे, घोटभर पाणी दे गं. अंग जळतंय."

गौरा घागर घेऊन धावली. अडसराला हात लावला. मागे गाव गोळा झालं होतं. तिचा हात तिथेच थांबला. पलीकडून म्हाळसा म्हणाली, "असू दे. नको उघडूस. तुला काढतील."

गौराने हात मागे घेतला.

सकाळी म्हाळसा खड्ड्याच्या कडेला मरून पडलेली दिसली. खांदा द्यायला कुणी आलं नाही. सगळं एकटीने उरकून गौराने सासूची पाटी उचलली आणि पाटलांच्या दारात उभी राहिली. "केर द्या," म्हणाली. पाटलीणबाईंनी खाली मान घालून दिला. मग हळूहळू सगळ्यांनी दिला. खंदक उपसला गेला. पटकी पुन्हा आली नाही.

म्हातारपणी गौराला कुणी समजावी, की सासूच नको म्हणाली होती. ती म्हणायची, "त्या नको म्हणाल्या. पण तहान लागली होती त्यांना."

म्हाळसा गेल्यावर काढलेली दारं खडवेसच्या वेशीला आजही नाहीत. घरोघरच्या सुना केर त्या काळ्या पट्ट्यातच नेतात, आणि माती ओढण्याआधी त्यावर तांब्याभर पाणी ओततात.